महाजालावरील घरे कोणाची?

२६ ऑक्टोबर २००९ या दिवशी अमेरिकेतील एक मोठी वसाहत उठविण्यात आली. ती विटामातीची नसल्यामुळे पोलीस बंदोबस्ताची गरज पडली नाही आणि रहिवाशांना रस्त्यावरही यावे लागले नाही. ‘जिओसिटीज’ हे संकेतस्थळ ‘याहू’ कंपनीने त्या दिवशी बंद केले आणि लक्षावधी सामान्य माणसांनी स्वहस्ते रचलेली पाने पुसली गेली. त्यांत कोणी आपल्या मांजराचे चरित्र लिहिले होते, कोणी आजोबांच्या युद्धातील आठवणी उतरविल्या होत्या, कोणी आगगाड्यांची छायाचित्रे लावली होती, तर कोणी अकाली गेलेल्या अपत्याचे स्मारक उभारले होते. जमाखर्चाच्या वहीत या पानांना कवडीचीही किंमत नव्हती. ती लिहिणाऱ्यांना मोबदला मिळालेला नव्हता आणि पुसली गेली तेव्हा नुकसानभरपाईही मिळाली नाही. काही स्वयंसेवकांनी ‘आर्काइव्ह टीम’ या नावाने एकत्र येऊन बंद होण्यापूर्वीच्या महिन्यांत जितके उतरवून घेता आले तितके घेतले, म्हणून त्या वसाहतीचा बराचसा भाग आज निदान अवशेषरूपाने पाहावयास मिळतो.

ही घटना आता जुनी झाली. तरीही तिचा विचार पुन्हा करण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः जे तरुण त्या काळी जन्मलेही नव्हते त्यांच्यात, त्या जुन्या महाजालाविषयी एक प्रकारची ओढ दिसू लागली आहे. हातातील यंत्रावर अखंड सरकणाऱ्या मजकुराचा कंटाळा आलेली ही मुले स्वतःचे एखादे पान रचण्याची, त्यावर आपल्या आवडीची चित्रे मांडण्याची आणि चार समानधर्मी माणसे जोडण्याची वाट शोधीत आहेत. ही ओढ निव्वळ स्मरणरंजन म्हणून सोडून द्यावी, की तिच्यामागे एखादी खरी गरज आहे असे मानावे, हा प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनीही विचारात घ्यावा असा आहे.

आळी आणि शेजार

जिओसिटीजची स्थापना डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी १९९४ साली केली. ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केल्याची घोषणा ३० एप्रिल १९९३ रोजी केली होती. म्हणजे महाजाल तेव्हा अक्षरशः रांगत होते. अशा वेळी बोनेट यांनी एक साधी कल्पना अमलात आणली. येणाऱ्या प्रत्येकाला थोडी जागा फुकट द्यावयाची आणि ती घेताना त्याने आपली आळी निवडावयाची. चित्रपटांच्या शौकिनांसाठी ‘हॉलिवूड’ होते, विद्याव्यासंगी मंडळींसाठी ‘अथेन्स’, विज्ञानकथांच्या वेड्यांसाठी ‘एरिया ५१’, कुटुंबवत्सलांसाठी ‘हार्टलँड’, तर पाळीव प्राण्यांच्या मालकांसाठी ‘पेट्सबर्ग’. प्रत्येक पानाच्या पत्त्यात आळीचे नाव आणि घराचा क्रमांक असे. प्रत्येक आळीत काही जुने रहिवासी नवागताला पान कसे रचावे हे शिकवीत, त्याच्या अडचणी सोडवीत आणि आळीचे नियम सांभाळीत. या कामाचे त्यांना वेतन नव्हते.

पत्ता ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. ज्याला पत्ता आहे त्याला शेजार असतो आणि ज्याला शेजार आहे त्याच्या वागण्याला आपोआप काही मर्यादा पडतात. अनोळखी गर्दीत माणूस जे बोलून जाईल ते तो आपल्या दारासमोर बोलत नाही. आलेल्या पाहुण्याने दोन शब्द लिहून जावे यासाठी प्रत्येक पानावर अभिप्रायाची वही ठेवलेली असे आणि ती वाचून घरमालक उलट पाहुण्याच्या घरी जाऊन येई. एकाच विषयाची पाने एकमेकांना साखळीने जोडण्याची पद्धत होती. एका पानावरून पुढल्या पानावर असे करीत वाचक संपूर्ण मंडळाची फेरी करून मूळ जागी परत येई. आपल्याकडील हळदीकुंकवाच्या फेरीची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता.

ही पाने सुंदर होती असे मात्र कोणी म्हणणार नाही. डोळ्यांना खुपणारे रंग, लुकलुकणारी अक्षरे आणि ‘काम चालू आहे’ अशी कायमची पाटी यांची तेथे रेलचेल असे. पण त्या ओबडधोबडपणात एक मोठा शैक्षणिक लाभ दडलेला होता. कोणतेही पान कसे रचले आहे हे वाचकाला त्याची मूळ संहिता उघडून पाहता येई. शेजाऱ्याची युक्ती पाहावी, ती उतरवून घ्यावी, तीत आपला बदल करावा आणि चुकले तर दुरुस्त करावे, अशा रीतीने असंख्य मुलांनी संगणकाची पहिली अक्षरे गिरविली. सुतारकाम किंवा गाणे ज्या पद्धतीने शिकले जाते तीच ही पद्धत होय.

लक्ष हीच दुर्मीळ वस्तू

मग ही वसाहत उठली का? जानेवारी १९९९ मध्ये याहूने सुमारे ३५७ कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन जिओसिटीज विकत घेतली. एवढी किंमत मोजणाऱ्याला ती वसूल करणे भाग असते. त्याच वर्षी सभासदांच्या मजकुरावर कंपनीला व्यापक हक्क देणारी कलमे करारात घातली गेली. सभासदांनी जोराचा निषेध केल्यावर ती मागे घ्यावी लागली. त्याच सुमारास आळ्यांचे पत्तेही मोडीत निघाले आणि प्रत्येक पान केवळ सभासदाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आळी गेली तसा शेजारही विरत गेला. उरली ती भाड्याची जागा. आणि तशी जागा इतरत्रही मिळत होती.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली एक मर्मग्राही निरीक्षण नोंदविले होते. माहिती जेथे मुबलक होते तेथे ती ज्याचा उपभोग घेते त्या वस्तूची टंचाई निर्माण होते, आणि ती वस्तू म्हणजे माणसाचे लक्ष, असा त्याचा आशय होता. सायमन यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले; पण या विचाराचे खरे प्रात्यक्षिक जगाने पाहिले ते नव्या शतकात. दुर्मीळ वस्तूला बाजार सापडतोच. फेसबुकची चालक कंपनी ‘मेटा’ हिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३,४९० कोटी डॉलर होते आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक जाहिरातींतून आले. सभासद तेथे एक पैसाही देत नाही हे खरे. परंतु मग तेथे विकले काय जाते, हे उघड आहे.

या उत्पन्नाच्या स्वरूपातूनच आजच्या व्यासपीठांची रचना ठरली आहे. फेसबुकवर सर्वांच्या नोंदींचा एकत्र प्रवाह सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाला आणि पसंतीचे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आले. जिओसिटीज बंद झाली तेही हेच वर्ष होते, हा योगायोग असला तरी बोलका आहे. पूर्वी वाचक पानाकडे जात असे. आता नोंद वाचकाकडे येऊ लागली. पूर्वी पाहुणा दोन वाक्ये लिहून जाई. आता बोटाचा एक स्पर्श पुरेसा झाला. जाहिरातदाराला ठरावीक मापाच्या चौकटी हव्या असतात, म्हणून प्रत्येकाचे घर एकाच नमुन्याचे झाले. भिंतीला रंग देण्याचा अधिकारही रहिवाशाकडे राहिला नाही. अशा घरात सर्जनशीलतेला वाव राहतो तो केवळ लक्ष वेधून घेण्यापुरता.

येथे कोणी विचारील की, हे पसंत नसेल तर लोक निघून का जात नाहीत? त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. दूरध्वनी जसा इतरांकडे असेल तरच उपयोगी, तशीच ही व्यासपीठे आहेत. सर्व आप्तमित्र जेथे आहेत ती जागा गैरसोयीची असली तरी एकट्यादुकट्याला ती सोडणे परवडत नाही. सर्वांनी मिळून निघावे तर पहिले पाऊल कोणी उचलावे हा प्रश्न उरतो. ग्राहकाचे मौन ही त्याची संमती मानणे म्हणूनच चुकीचे ठरते.

स्मरणरंजनाचा धोका

तथापि गतकाळाचे गोडवे गाताना तोल सांभाळला पाहिजे. त्या जुन्या आळ्यांत घर बांधणे कोणाला शक्य होते? ज्याच्याकडे संगणक, दूरध्वनी आणि इंग्रजी ही तिन्ही साधने होती त्यालाच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. परंतु तिचे दर साध्या नोकरदाराच्या आवाक्यापलीकडचे होते. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला असला तरी घरगुती संगणकावर मराठी मजकूर सुखाने उमटू लागण्यासाठी नवे शतक उजाडावे लागले. तोवर मराठी माणूस रोमन लिपीतून आपली भाषा कशीबशी लिहीत होता. आज आडगावातील शिक्षिका आपल्या विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रे किंवा त्यांनी म्हटलेली कविता हातातील भ्रमणध्वनीवरून क्षणात जगापुढे ठेवू शकते. हा लाभ एकाच साच्याच्या सोप्या व्यासपीठांमुळे आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल इंटरनेटमुळे पदरात पडला आहे. तो नाकारून केवळ जुन्याची आरती करणे म्हणजे ज्यांना प्रथमच दार उघडले त्यांच्या तोंडावर ते पुन्हा लावण्यासारखे होईल.

म्हणून प्रश्न जुने परत आणण्याचा नाही. त्या जुन्या रचनेतील कोणते गुण आजच्या कोट्यवधी लोकांना उपयोगी पडतील, हे पाहण्याचा आहे.

मराठी मंडळींचा अनुभव

या बाबतीत मराठी भाषकांचा स्वतःचा अनुभव कमी मोलाचा नाही. १९९६ साली अमेरिकेतील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. पुढे २००४ साली ‘मनोगत’ आणि २००७ साली ‘मिसळपाव’ ही स्थळे आली. यांतील कोणाचाही व्याप बड्या कंपन्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी तेथे पाककृतींपासून प्रवासवर्णनांपर्यंत, गझलेपासून शेअर बाजारापर्यंत विपुल लेखन झाले. मनोगतने तर शुद्धलेखन तपासण्याची सोय करून लिहिणाऱ्याला आपल्या भाषेकडे लक्ष देण्याची सवय लावली. परदेशातील एकाकी संध्याकाळी ज्यांनी प्रथमच दोन पाने मराठी लिहिली आणि ज्यांना अनोळखी वाचकांनी चुका दाखवीत, पाठ थोपटीत लिहिते केले, अशांची संख्या लहान नाही.

या स्थळांवरील एक प्रथा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली काढलेल्या दिवाळी अंकापासून मराठीत जी परंपरा चालत आली, ती या मंडळींनी महाजालावर नेली. मायबोलीवर सभासदांतूनच संपादक मंडळ निवडले जाई. साहित्य मागविणे, परत पाठविणे, मुद्रिते तपासणे, सजावट करणे ही सर्व कामे वेगवेगळ्या देशांत राहणारी माणसे नोकरी सांभाळून करीत. ज्या वेळी मुंबईत पहाट होते त्या वेळी अमेरिकेत संध्याकाळ असते. तेव्हा एकाने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्याने पुढे न्यावे, असा हा उद्योग. मोबदला कोणालाच नव्हता. मग एवढे श्रम कशासाठी? कारण त्या कामाला एक मुदत होती, एक मंडळ होते आणि शेवटी हाती येणारा एक पुरा झालेला अंक होता. प्रवाहात टाकलेली नोंद दुसऱ्या दिवशी दिसेनाशी होते. अंक मात्र उरतो. कोणत्याही निर्मितीला ही सीमा आणि हे उरणे आवश्यक असते. शाळेच्या हस्तलिखितात ज्याचे चार ओळींचे लेखन आले असेल त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

रचना कशी असावी

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सामायिक मालमत्तेचा अभ्यास मांडला. स्वित्झर्लंडमधील कुरणे, स्पेनमधील पाटपाणी, जपानमधील गावराने अशी अनेक उदाहरणे तपासून त्यांनी दाखवून दिले की, सामायिक वस्तूचा नाश अटळ नसतो. सरकार आणि बाजार यांच्याखेरीज तिसरा मार्गही असतो. याच कार्यासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. सभासद कोण हे स्पष्ट असावे, नियम स्थानिक गरजेनुसार आणि सभासदांनी मिळून केलेले असावेत, देखरेख करणारे सभासदांना जबाबदार असावेत, शिक्षा अपराधाच्या प्रमाणात चढत जावी आणि तंटे जागच्या जागी मिटावेत, अशी सूत्रे त्यांनी सांगितली. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांना ही सूत्रे परकी वाटणार नाहीत. महाजालावरील वसाहतींनाही ती जशीच्या तशी लागू पडतात. कारण तेथील शेजार हीदेखील सामायिक मालमत्ताच आहे.

काही प्रयोग या दिशेने झालेही आहेत. ‘निओसिटीज’ हे स्थळ काइल ड्रेक यांनी २०१३ साली जिओसिटीजची आठवण जागवीत सुरू केले. तेथे जाहिराती नाहीत. पान रचण्यासाठी जागा फुकट मिळते आणि ज्यांना अधिक सोयी हव्यात ते दरमहा अल्प वर्गणी देतात; त्या वर्गणीवर सर्वांचा खर्च भागतो. ‘मेटाफिल्टर’ने २००४ सालापासून नव्या सभासदाकडून एकदाच पाच डॉलर प्रवेशमूल्य घेण्यास सुरुवात केली. रक्कम किरकोळ, पण केवळ उपद्रवासाठी येणाऱ्याला थोपविण्यास पुरेशी. सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘द वेल’ या १९८५ साली स्थापन झालेल्या अमेरिकी संवादमंडळाचे आहे. त्याच्या मालक कंपनीला तो व्यवसाय नकोसा झाला तेव्हा काही सभासदांनीच एकत्र येऊन २०१२ साली ते ४ लाख डॉलरना विकत घेतले. भाडेकरूंनी वर्गणी काढून आपली चाळ खरेदी करावी, तसेच हे झाले.

यावरून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट मालकीची. सभासदाने जे लिहिले, रेखाटले किंवा गायिले ते केव्हाही आपल्या घरी उतरवून नेण्याचा त्याला हक्क असला पाहिजे आणि त्याची सोय आरंभापासून असली पाहिजे. ‘मायस्पेस’वर २००३ ते २०१५ या काळात चढविलेली, पाच कोटींच्या घरातील गाणी यंत्रसामग्री बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. अनेक होतकरू गायकांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत कोठेही नव्हती. दुसरी गोष्ट आकाराची. वसाहत इतकी मोठी नसावी की कोणी कोणास ओळखू नये. मोठी झालीच तर तिच्या आळ्या पाडाव्यात. तिसरी गोष्ट मोजमापाची. पसंतीचे आकडे चव्हाट्यावर टांगल्याने लिहिणारा आकड्यासाठी लिहू लागतो. आकडे मालकापुरते ठेवावेत आणि वाचकाला दोन वाक्ये लिहिण्यास उद्युक्त करावे. चौथी गोष्ट घडणीची. पान बिघडविण्याचे स्वातंत्र्य असल्याखेरीज ते घडविण्याची विद्या येत नाही. सोपा साचा हवाच, पण त्याचे झाकण उघडून आत पाहण्याची मुभाही हवी.

खर्चाचा प्रश्न

यावर व्यवहारी माणूस विचारील की, हे सारे ठीक, पण पैसा कोठून येणार? हिशेब मांडून पाहावा. एखाद्या मंडळाचे दोन हजार सभासद आहेत आणि प्रत्येकाने वर्षाला तीनशे रुपये दिले असे धरले, तर सहा लाख रुपये जमतात. मजकूर आणि चित्रे ठेवण्यासाठी लागणाऱ्या जागेचे भाडे भागवून एखाद्या व्यवस्थापकाला अर्धवेळ मानधन देण्याइतकी ही रक्कम आहे. महिन्याला पंचवीस रुपये म्हणजे दोन पेले चहा. अब्जावधींची उलाढाल करण्याची महत्त्वाकांक्षा नसेल तर शेजार चालविण्याचा खर्च फार नसतो. खर्च वाढतो तो संपूर्ण जगाचे लक्ष वेधून ठेवण्याच्या खटाटोपाचा. विकिपीडिया आज जगातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या स्थळांपैकी एक असून मुख्यतः देणग्यांवर चालतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आणि सभासदांच्या मालकीचा उद्योग ही कल्पना ज्या प्रांतात धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथे तरी अपरिचित नाही. सहकारात पुढे शिरलेले दोषही येथे सर्वांना माहीत आहेत. म्हणूनच हिशेब उघडे ठेवणे आणि पदाधिकाऱ्यांची मुदत ठरविणे ही पथ्ये आरंभीच पाळावी लागतील.

सुरुवात लहान प्रमाणावर करता येण्याजोगी आहे. जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाचे एक वार्षिक नियतकालिक असते आणि अनेक ठिकाणी भित्तिपत्रकही असते. त्यांना जोडून विद्यार्थ्यांना महाजालावर स्वतःची जागा द्यावी. पान त्यांनीच रचावे, चुकावे, दुरुस्त करावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नवागतांना शिकवावे. वर्षाच्या अखेरीस त्यांतून एक अंक निघावा. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला आपले सर्व लेखन बरोबर नेता यावे आणि एक प्रत ग्रंथालयात राहावी. यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती एखाद्या प्राध्यापकाने थोडा वेळ देण्याची आणि विद्यार्थ्यांच्या ओबडधोबड रंगसंगतीकडे क्षमाशील दृष्टीने पाहण्याची.

जिओसिटीजच्या रहिवाशांची खरी चूक कोणती असेल, तर आपण घरमालक आहोत अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः ते पाहुणे होते आणि यजमानाला कंटाळा येईपर्यंतच त्यांचा मुक्काम होता. आज जे कोट्यवधी लोक आपल्या आठवणी, छायाचित्रे आणि मनोगते दुसऱ्याच्या कोठारात ठेवीत आहेत त्यांची स्थिती याहून निराळी नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव आहे की नाही हे जो समाज डोळ्यांत तेल घालून पाहतो, त्याने आपल्या स्मृतींचा उताराही एकदा तपासून पाहणे इष्ट ठरेल.